एस-एस-एच टनेल आणि एस-पाइप-डी: कायमच्या जोडणीसाठी कोणते?

समजा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील चादरींच्या कारखान्यात मालाच्या साठ्याचा डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीवर आहे आणि नवी पेठेतील दुकानाच्या बिलिंग काउंटरवरून तो दिवसभर वापरायचा आहे. डेटाबेसचा ५४३२ हा पोर्ट (जोडणी स्वीकारण्याचा क्रमांकित दरवाजा) इंटरनेटवर उघडा ठेवणे धोक्याचे असल्यामुळे मधली वाहतूक एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, करावी लागते. त्यासाठी कोणी एस-एस-एच टनेल (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करण्याच्या एस-एस-एच या साधनातून काढलेला बंदिस्त मार्ग) सुचवतो, कोणी एस-पाइप-डी (फक्त असा मार्ग पुरवणारा प्रोग्राम), आणि दोन्ही एकच असल्याचा समज होतो. तसा तो होणे स्वाभाविकही आहे, कारण दोन्हींत दुकानातील संगणकावर एक स्थानिक पोर्ट उघडतो आणि बिलिंगचा प्रोग्राम त्यालाच डेटाबेस मानून जोडला जातो.

फरक पहिल्यांदा जाणवतो तो लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाल्यावर. एस-एस-एच टनेलमध्ये सगळ्या जोडण्या एकाच टीसीपी कनेक्शनच्या (दोन संगणकांमधील एका नेट-जोडणीच्या) पोटात चालतात; ते कनेक्शन तुटले की सगळ्याच बंद पडतात, आणि कित्येकदा दुकानाकडील प्रोग्रामला ते तुटल्याचे बराच वेळ कळतही नाही. यावर जोडणी जिवंत आहे का याची ठरावीक वेळाने विचारणा करणारी सेटिंग आणि तुटलेले टनेल पुन्हा सुरू करणारा ऑटो-एस-एस-एचसारखा राखणदार प्रोग्राम हे उपाय आहेत, पण ते वरून जोडलेले आहेत. टार्सनॅप ही बॅकअप सेवा चालवणारे कॉलिन पर्सिव्हल यांनी लिहिलेला एस-पाइप-डी मुळातच पार्श्वभूमीत चालणारी सेवा आहे. एका टोकाला तो एन्क्रिप्ट करण्यासाठी आणि दुसऱ्या टोकाला डिक्रिप्ट करण्यासाठी चालू ठेवायचा. येणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी तो स्वतंत्र कनेक्शन उघडतो. नेट गेले तर चालू असलेली जोडणी येथेही तुटतेच, मात्र नेट परत येताच पुढची जोडणी कोणी हात न लावता होते.

दुसरा फरक अधिकाराचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. एस-एस-एच हा मुळात सर्व्हरवर लॉगिन करण्याचा मार्ग असून टनेल ही त्याची एक सोय आहे. काउंटरवरच्या संगणकात ठेवलेली एस-एस-एचची किल्ली (ओळख पटवणारी फाइल) कारखान्यातील सर्व्हरचे एक खाते उघडते. तिला एकाच पोर्टपुरते बांधून ठेवता येते, पण ते आठवणीने करावे लागते. एस-पाइप-डीमध्ये खाते नाही, शेल (सर्व्हरला आज्ञा देण्याची खिडकी) नाही. दोन्ही टोकांना एकच गुप्त फाइल असते, जी सहसा ३२ यादृच्छिक बाइट्सची असते, आणि ती ज्याच्याकडे असेल तो ठरवून दिलेल्या त्या एकाच पत्त्यापर्यंत पोहोचतो. याची दुसरी बाजू अशी की आत कोण आले हे एस-पाइप-डी सांगू शकत नाही. दुकानातील संगणक चोरीला गेला, तर एस-एस-एचमध्ये सर्व्हरवरील त्या किल्लीची एक ओळ खोडली की काम भागते. येथे मात्र तीच फाइल वापरणाऱ्या प्रत्येक ठिकाणी नवी फाइल पोहोचवावी लागते.

एन्क्रिप्शनच्या ताकदीवरून निवड करण्याचे कारण नाही. एस-पाइप-डी एईएस-२५६ ही एन्क्रिप्शनची पद्धत वापरतो आणि प्रत्येक जोडणीसाठी नवी किल्ली ठरवतो, त्यामुळे ती फाइल उद्या चोरीला गेली तरी काल टिपून ठेवलेली वाहतूक तिच्या आधारे उलगडत नाही. तो १०२४ बाइट्सपर्यंतचा मजकूर नेहमी १०६० बाइट्सच्या पाकिटात घालतो. मजकूर एका अक्षराचा असला तरी पाकीट तेवढेच, त्यामुळे थोडा डेटा वाया जातो, पण बाहेरून पाहणाऱ्याला लहानमोठ्या संदेशांचा अंदाज घेणे अवघड होते.

काउंटरसारख्या कायमच्या जोडणीसाठी मी एस-पाइप-डी निवडेन. हिशेबनीसाला महिन्यातून एकदा घरून डोकवायचे असेल, तर एस-एस-एच टनेल पुरेसे आहे. दोन्हींपैकी काहीही निवडले तरी एक गोष्ट तपासावी. पलीकडचे टोक डेटाबेसच्याच सर्व्हरवर असेल, तर येणारी प्रत्येक जोडणी पोस्टग्रेसला त्याच संगणकावरून आल्यासारखी दिसते, आणि त्याच्या प्रवेशाच्या फाइलमध्ये स्थानिक पत्त्यासाठी ‘ट्रस्ट’ लिहिलेले असेल, तर पासवर्ड न विचारताच तो आत घेतो.