अडलेली प्रसूती : पुसलेल्या रेषेची पार्श्वभूमी

घरात ‘बाई अडली’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा कळा फार वेळ चालल्यात एवढंच सांगायचं असतं. प्रसूतिकक्षात मात्र कळा जोरात असूनही मूल खाली सरकत नसेल तरच प्रसूती अडलेली मानतात. कटिभाग कोता, डोकं वाकडं बसलेलं किंवा मूल आडवं, अशी कारणं असतात. लांबलेल्या प्रसूतीत कळाच मंद असू शकतात, तिथे कळांचं सलाईन कामाला येतं. अडलेल्या बाईला तेच लावलं तर गर्भपिशवी फाटू शकते. हा फरक न कळल्यामुळे जीव गेले आहेत.

सुश्रुतसंहितेत मूढगर्भाचे, म्हणजे वाटेत अडकलेल्या गर्भाचे, कील, प्रतिखुर, बीजक, परिघ हे प्रकार आहेत. परिघ म्हणजे दाराच्या अडसरासारखं आडवं आलेलं मूल.

१९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ५०० पहिलटकरणींच्या प्रसूतीचा आलेख मांडला गेला. त्यावरून १९७२ मध्ये सॉल्सबरीत, म्हणजे आजच्या हरारेत, पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते ते टिपायच्या तक्त्यावर, दोन रेषा आल्या. गर्भपिशवीचं तोंड ताशी १ सेंमी उघडावं ही सूचनारेषा, आणि तिच्या उजवीकडे ४ तासांवर कृतिरेषा, म्हणजे जिथे उपाय करायलाच हवा ती रेषा. सूचनारेषा ओलांडली की बाईला मोठ्या रुग्णालयात हलवायचं. सूचनारेषा मुळात लांबच्या केंद्रातल्या सुईणींसाठी होती, हे ती ठेवावी की नाही या पुढच्या वादात फारसं कोणी आठवत नाही. आग्नेय आशियातल्या ३५,४८४ प्रसूतींचा अभ्यास १९९४ मध्ये छापून आला. पार्टोग्राफ वापरल्यावर लांबलेल्या प्रसूती ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आल्या होत्या.

२०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी बदलल्या. सक्रिय प्रसूती, म्हणजे तोंड वेगाने उघडण्याचा टप्पा, ५ सेंमीपासून धरायची आणि ताशी १ सेंमीचा नियम सगळ्यांना लावायचा नाही, असं ठरलं. २०२० च्या नव्या तक्त्यात तिरपी रेषाच नाही. तोंड ५ सेंमीवरच थांबलं तर ६ तास, ९ सेंमीवर थांबलं तर २ तास, अशा प्रत्येक टप्प्याच्या वेगळ्या मर्यादा आहेत. निरोगी बाईला उगाच घाई होऊ नये, हा हेतू रास्त आहे. पण शस्त्रक्रियागृह बाजूलाच असेल तर ६ तास थांबता येतं. घाटापलीकडच्या उपकेंद्रात त्याच ६ तासांत गाडी बोलवून बाईला पोचवायचंही असतं.

उशीर झाला की बेंबीजवळ पोटावर आडवी वळी उठते, लघवीत रक्त दिसतं. डोकं आणि हाड यांच्यात दबलेला मूत्राशयाचा भाग मरतो आणि काही दिवसांनी लघवी सतत झिरपू लागते. बाळ गुदमरतं. वाचलं तरी मेंदूला इजा राहू शकते.

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीनुसार जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि चारातलं एक सिझर असतं. त्यातल्या किती बायका वेळेत हलवल्या गेल्या हे या आकड्यांत दिसत नाही. ते तक्त्यातच शोधावं लागतं, आणि तिथे अनेकदा बाळंतपण उरकल्यावर एका बैठकीत, एकाच शाईने मारलेल्या, तोंड किती उघडलं ते दाखवणाऱ्या फुल्या सापडतात.