इनमेट आणि प्रिझनर : कोंडलेल्यांसाठी व राहणाऱ्यांसाठी असलेले इंग्रजी शब्द

इनमेट, प्रिझनर, कन्व्हिक्ट, डिटेनी आणि इंटर्नी या पाचही इंग्रजी शब्दांचे मराठीत सर्रास ‘कैदी’ असे भाषांतर होते. ऑक्युपन्ट, रेसिडेंट आणि टेनंट यांचा ‘रहिवासी’ होतो. बोलण्यात ते खपून जाते. पण माणूस आत कसा आला, त्याला कोणी ठेवले आणि बाहेर पडणे त्याच्या हाती आहे का, याचे उत्तर इंग्रजीत शब्दागणिक बदलते. कायद्याच्या भाषांतरात तर शब्द चुकला की माणसाचा दर्जाच बदलतो.

यांतील ‘इनमेट’चा प्रवास सर्वांत लांबचा. सोळाव्या शतकात हा शब्द रूढ झाला तेव्हा त्याचा तुरुंगाशी काही संबंध नव्हता. दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड करून राहणारा तो इनमेट. ‘मेट’ म्हणजे सोबती. पहिली एलिझाबेथ राणीच्या काळात, १५८९ मध्ये, इंग्लंडमध्ये एक कायदा झाला: एका कॉटेजमध्ये एकच कुटुंब राहील, वर कोणी इनमेट ठेवल्यास दरमहा दहा शिलिंग दंड. म्हणजे त्या काळी इनमेटने घराबाहेर जावे यासाठी कायद्याचा खटाटोप होता. एकोणिसाव्या शतकात गरिबांची वर्कहाउसे आणि मनोरुग्णालये यांतल्या माणसांना हा शब्द लागला, आणि पुढे तो तुरुंगाला चिकटला. जुन्या अर्थाची एक खूण मात्र अजून टिकून आहे. इनमेट हा नेहमी एखाद्या संस्थेत, इतरांसोबत, तिथल्या शिस्तीखाली राहणारा असतो. म्हणून जुन्या दस्तऐवजात वृद्धाश्रमातील आजीबाईंना इनमेट म्हटलेले आढळले, तर तिथे ‘कैदी’ लिहिणे ही घोडचूक ठरेल.

‘प्रिझनर’ला इमारतीची गरज नाही. त्याचे मूळ ‘पकडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. रणांगणावर शस्त्र खाली ठेवणारा सैनिक त्याच क्षणी प्रिझनर होतो, तुरुंग अजून दृष्टीसही पडलेला नसताना. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार अशा युद्धकैद्याने चौकशीत नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे. ‘प्रिझनर ऑफ वॉर’ म्हणतात, ‘इनमेट ऑफ वॉर’ कोणी म्हणत नाही. एका शब्दाचा भर इच्छेविरुद्ध पकडले जाण्यावर आहे, दुसऱ्याचा संस्थेत राहण्यावर.

‘कन्व्हिक्ट’ म्हणजे गुन्हा शाबीत झालेला, सिद्धदोष. खटला चालू असलेला कच्चा कैदी प्रिझनर असतो, पण कन्व्हिक्ट नसतो. बातम्यांत हा फरक पाळला नाही तर निकालाआधीच माणूस दोषी ठरतो. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने ऑस्ट्रेलियात सुमारे १,६२,००० कन्व्हिक्ट पाठवले. ‘कॅप्टिव्ह’ हा केवळ पकडलेला, मग तो माणूस असो वा प्राणी. ‘होस्टेज’ म्हणजे ओलीस. त्याला धरून ठेवण्यामागे तिसऱ्या कोणाकडे केलेली मागणी असते.

‘डिटेनी’ आणि ‘इंटर्नी’ हे शब्द विशेष जपून वाचावेत, कारण ते कोणता वापरायचा हे बहुधा पकडणाराच ठरवतो. क्युबातील ग्वांतानामो या अमेरिकी लष्करी तळावर जानेवारी २००२ पासून ठेवलेल्यांना अमेरिकी सरकारने डिटेनी म्हटले. प्रिझनर ऑफ वॉर म्हटले असते तर त्या दर्जाचे संरक्षण द्यावे लागले असते. ‘इंटर्नी’ म्हणजे मुख्यतः युद्धकाळात खटल्याविना स्थानबद्ध केलेला बिगर-लष्करी माणूस. राष्ट्राध्यक्षांच्या १९ फेब्रुवारी १९४२च्या आदेशानंतर अमेरिकेत जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत नेले गेले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश अमेरिकी नागरिक होते. भोवती काटेरी तारा, कोपऱ्यांवर पहाऱ्याचे मनोरे, आणि सरकारी कागदांत मात्र आतल्यांचा उल्लेख ‘इव्हॅक्युई’ व ‘रेसिडेंट’ असा. संकटातून हलवलेला, वस्तीत राहणारा! इतक्या सौम्य शब्दांनी केलेला हा अन्याय आहे. ‘इंटर्नी’ हाही शब्द अनेक अभ्यासक इथे नाकारतात, कारण कायद्यात तो शत्रुदेशाच्या नागरिकांसाठी होता.

राहणाऱ्यांच्या शब्दांत ‘ऑक्युपन्ट’ सर्वांत कोरडा आहे. कोण कोणत्या हक्काने आत आहे, हे तो विचारतच नाही. तुरुंगाला आग लागली की अग्निशमन दलाला ऑक्युपन्टची संख्या हवी असते: कोठडीतले इनमेट, पहारेकरी, स्वयंपाकी, भेटीला आलेली आई, सगळे धरून. मोटारीतले प्रवासीही ऑक्युपन्टच. ‘ऑक्युपायर’ मात्र ताबा असलेला, भोगवटादार. ‘टेनंट’ हा भाडेपट्ट्याच्या हक्काने जागा धारण करतो आणि तिथे प्रत्यक्ष राहत नसला तरी टेनंट असू शकतो. ‘लॉजर’ मालकाच्या घरात खोली घेऊन राहतो, पण खोलीवर त्याचा अनन्य ताबा नसतो. इंग्लंडमध्ये हा भेद १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या) स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड या निकालाने पक्का झाला. ‘बोर्डर’ला खोलीबरोबर जेवणही मिळते.

‘इनमेट’ हा शब्द माणसाला हिणवतो, अशी तक्रार तुरुंग भोगलेले लोक करत आले आहेत. न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये आपल्या कायद्यांतून तो काढला आणि त्या जागी ‘इन्कार्सरेटेड इंडिव्हिज्युअल’, म्हणजे तुरुंगात असलेली व्यक्ती, असे शब्द घातले.