कारखान्याच्या विजेवरचा पहारा : लॉगबुक ते स्क्रीन

रात्रपाळीचा ऑपरेटर दर तासाला उठायचा, पॅनेलवरचा सिलेक्टर स्विच फिरवून आर, वाय, बी या तीन फेजमधली आर-वाय, वाय-बी, बी-आर अशी तिन्ही व्होल्टेज बघायचा, करंट आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) टिपायचा आणि लॉगबुकात सही करायचा. 1915 साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, कारखाने वाढत गेले. पहारा मात्र बराच काळ असा डोळ्यांचा आणि वहीचाच राहिला.

बिघाड होताच माणसाची वाट न बघता वीज तोडण्याचं काम रिले या संरक्षक उपकरणाने फार आधीच हाती घेतलं होतं. करंट वाढला की रिलेमधली धातूची चकती फिरू लागते, कॉन्टॅक्ट जुळतो आणि ब्रेकर ट्रिप होतो, म्हणजे वीज तुटते. करंट जितका जास्त, तितकी चकती जोरात. 1921 मध्ये जर्मनीत माक्स बुखहोल्ट्झने ट्रान्सफॉर्मरच्या तेलात साठणारा वायू ओळखणारा रिले शोधला. वायू हळूहळू साठला तर आधी घंटा, तेलाचा एकदम लोट आला तर थेट ट्रिप. आजही मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर तो दिसतो.

पण या रिलेंना आठवण नव्हती. मागे उरायचा तो फक्त पडलेला फ्लॅग, म्हणजे कोणता रिले चालला हे दाखवणारी छोटी खूण. म्हणून जुने फोरमन पहिला प्रश्न विचारत, ‘फ्लॅग कुठला पडला?’ घाईत कुणी नोंद न करताच रिसेट केलं की फॉल्टचं (बिघाडाचं) कारण त्याच्यासोबत गेलं. 1984 मध्ये अमेरिकेत एडमंड श्वाइट्झर यांचा मायक्रोप्रोसेसरवर चालणारा रिले आला. तो लाइनवरचा फॉल्ट किती अंतरावर आहे हे सांगायचा आणि त्या क्षणाची नोंदही ठेवायचा. मला या साऱ्या इतिहासातलं हेच सगळ्यात मोठं वळण वाटतं.

कारखान्याच्या मालकाला मात्र ऑटोमेशन पटवून दिलं ते बिलाने. 400 किलोवॅटचा लोड 0.8 पॉवर फॅक्टरवर चालला तर 500 केव्हीए डिमांड (वीज कंपनीकडून एका वेळी घेतलेली, बिलात मोजली जाणारी एकूण वीज) लागते, तोच 0.98 वर आणला की साधारण 408. पूर्वी पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर हाताने घालत-काढत. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद आणि कपॅसिटर चालूच राहिले की पॉवर फॅक्टर उलट लीडिंगला, म्हणजे दुसऱ्या टोकाला, जायचा. पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणारं एपीएफसी पॅनेल आलं आणि ‘खट्’ आवाज करत त्यातले कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे स्विच) स्वतःच कपॅसिटरच्या स्टेप घालू-काढू लागले. डिमांड कंट्रोलरने पुढचं पाऊल टाकलं. कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली मर्यादा) ओलांडली जाईलसं दिसताच तो आधी अलार्म देतो, मग कॉम्प्रेसर किंवा चिलरसारखा थोडा वेळ थांबू शकणारा लोड उतरवतो. महाराष्ट्रात एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचं बिलिंगच केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरचा परिणाम धरून मोजलेल्या युनिटांवर, आलं, तेव्हा पॉवर फॅक्टर प्रत्येक युनिटात शिरला.

हे सगळे तुकडे एकमेकांशी बोलू लागले ते वेगळ्याच गरजेतून. मोटार उद्योगातल्या रिले पॅनेलची वायरिंग सारखी बदलावी लागे म्हणून 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वायरिंगऐवजी प्रोग्राम बदलून चालणारा कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, जन्माला आला. त्या पीएलसींच्या संवादासाठी मोडिकॉन कंपनीने 1979 मध्ये मॉडबस हा संवादाचा नियमसंच तयार केला. आज एखाद्या एमआयडीसीतल्या फीडरचं (वीज पुरवणाऱ्या मुख्य लाइनचं) मीटर उघडलं तर स्काडाकडे, म्हणजे स्क्रीनवर देखरेख करणाऱ्या संगणक प्रणालीकडे, जाणाऱ्या दोन बारीक वायरींवर बहुतेक वेळा तोच मॉडबस चालू असतो.