कमांड की शेल : तुमची ओळ वाचतं कोण?

हिंजवडीच्या बसमध्ये, बाणेरच्या टपरीवर, मुलाखतीला आलेल्या पोरांकडून, सगळीकडे मला ॲन्सिबलबद्दल (अनेक सर्व्हरवरची कामं आपोआप करून घेणारं साधन) एकच वाक्य ऐकू येतं : "ॲन्सिबलमधलं शेल मॉड्यूल म्हणजे जास्त ताकदीचं कमांड मॉड्यूल. कमांड चाललं नाही की शेल करून टाकायचं." माझा चहा तिथेच गार होतो.

प्लेबुक (कामांची यादी), इन्व्हेंटरी (सर्व्हरची यादी), मॉड्यूल (एकेक काम करणारा तयार तुकडा) वगैरे तुम्हाला येतं असं धरतो. साम्यं झटपट उरकू. 'क्रिएट्स' (ही फाइल असेल तर ओळ चालवू नको) आणि 'रिमूव्ह्ज' (नसेल तर चालवू नको) दोन्हीकडे चालतात. ओळ धावली की दोन्ही 'चेंज्ड' म्हणूनच बोंबलतात, खरोखर काही बदललेलं असो वा नसो. म्हणून 'चेंज्ड-व्हेन', म्हणजे बदल झाला असं कधी धरायचं ती अट, लिहिण्याचा कंटाळा करू नका.

खरा फरक एवढाच, की तुमची ओळ वाचतं कोण. शेल मॉड्यूल ती सर्व्हरवरच्या शेलच्या, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात देतं. पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारा '|'), बाण (आउटपुट फाइलमध्ये टाकणारा '>'), तारांकन, अर्धविराम यांना अर्थ देणारा तोच. कमांड मॉड्यूलमध्ये हा मधला माणूसच नाही. अवतरणं सांभाळून ओळीचे तुकडे पाडले जातात, पहिला तुकडा प्रोग्राम ठरतो आणि उरलेले त्याला जसेच्या तसे मिळतात. पाइप मग पाइप राहत नाही, ती नुसती उभी रेघ होते.

कमांड मॉड्यूलमध्ये फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस'ला पाइप जोडून ओळी मोजायला सांगा. '|' नावाची फाइल नाही, म्हणून तो ओरडेल. ओरडला ते बरंच. दिलेला मजकूर छापणाऱ्या 'एको'ला मात्र बाण देऊन फाइलमध्ये काही लिहायला सांगून बघा. तो बाणासकट सगळी ओळ आउटपुटमध्ये छापून मोकळा होतो. रिटर्न कोड शून्य, टास्क यशस्वी, फाइलचा पत्ता नाही!

(आणि "कमांडमध्ये डॉलर-होम, म्हणजे होम फोल्डरचा पत्ता देणारं व्हेरिएबल, चालत नाही" हे सांगणं आता थांबवा. चालतं. फक्त ते शेल भरत नाही, ॲन्सिबलचं पायथन भरतं.)

मग सगळीकडे शेलच का नको? कारण पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवर ठरतो. डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, डेटाबेसची प्रत काढणारं 'पीजी-डंप' रोज पडत होतं आणि पाइपपुढचं, फाइल आवळणारं 'जीझिप' रिकामा माल इमानदारीने बांधून देत होतं. टास्क यशस्वी, बॅकअप २० बाइटचा. माझाच पराक्रम, आठवडाभर चालला. तो निस्तरायला 'पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी अपयश धरा, असं शेलला सांगणारा पर्याय) लावलं, तर उबंटू २२.०४ म्हणे असा पर्यायच नाही. शेल मॉड्यूल मुळात 'बिन-एसएच' वापरतं आणि उबंटूवर त्या नावामागे डॅश हा साधा शेल बसलेला असतो, बॅश नव्हे. 'एक्झिक्यूटेबल'मध्ये बॅशचा पत्ता दिला तेव्हा कुठे गाडी हलली.

म्हणून माझ्या टीममध्ये आधी त्या कामाचं स्वतःचं मॉड्यूल शोधायचं, ते नसेल तर कमांड, आणि पाइप किंवा बाणावाचून अडलंच तर शेल. तिथेही बाहेरून आलेलं व्हेरिएबल 'कोट' फिल्टरशिवाय (त्याला अवतरणात बांधणारा फिल्टर) दिसलं, तर मी रिव्ह्यू तिथेच परत पाठवतो. व्हेरिएबलमध्ये अर्धविराम असला, तर त्याच्या पुढचा मजकूर शेल नवी कमांड म्हणून चालवतो.