पार्श्वभूमी : रुरकीचे भूकंप अभियांत्रिकी केंद्र आणि 'झोन' नावाचा गुंता

रुरकीच्या विद्यापीठात १९६० साली भूकंप अभियांत्रिकीचे संशोधन-प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आदल्याच वर्षी तिथे या विषयावरचे देशातले पहिले चर्चासत्र झाले होते. हिमालयाच्या पायथ्याशी धरणे बांधायची होती आणि कंपनांच्या नोंदी हाताशी नव्हत्या. परदेशी यंत्रे महाग, म्हणून केंद्राने साधी उपकरणे बनवली. त्यातल्या एकात सहा लंबक असतात. ०.४०, ०.७५ आणि १.२५ सेकंद अशा तीन आवर्तकाळांचे (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ), आणि प्रत्येकी ५ व १० टक्के अवमंदनाचे (झोका शमण्याचे प्रमाण). काजळी धरलेल्या काचेवर सुई ओरखडा काढते आणि त्याच्या लांबीवरून त्या जागी उभ्या असलेल्या इमारतीने किती झोका खाल्ला असता ते काढता येते. वीज लागत नाही. मात्र जमीन किती वेळ हलली, हे त्यातून कळत नाही.

दुसरे साधन होते रेल्वेची वाघीण, म्हणजे मालाचा डबा. रुळावरच्या वाघिणीवर विटांचे किंवा दगडांचे लहान घर खरोखर बांधायचे आणि वजन भरलेली दुसरी वाघीण तिच्यावर आदळवायची. एक धक्का, मग त्याहून मोठा, असे भिंत पडेपर्यंत. लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या तुळईच्या) उंचीवर सलग काँक्रीटचा पट्टा आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या असल्या, तर तेच घर किती जास्त धक्के सोसते, हे या चाचण्यांत दिसले. संगणकावर चालणारा साडेतीन मीटर चौरस, २० टन पेलणारा शेक टेबल, म्हणजे हवी तशी कंपने देणारा मंच, नंतर आला. खेड्यातल्या घरांबद्दलचे मूळ ज्ञान मात्र वाघिणीवरचे आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरले. धरणाच्या आतल्या यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट) इतके त्वरण नोंदवले. धरणाचे गणित ०.०५ धरून केलेले होते. १०३ मीटर उंचीच्या या धरणात जिथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, त्याच पातळीवर दोन्ही तोंडांना तडे गेले. आकार बदलतो तिथे ताण साठतो, हे पुस्तकातले वाक्य कोयनेने काँक्रीटवर लिहून दाखवले. नंतर त्या भागांना मागून काँक्रीटचे टेकू देण्यात आले. कोयनेची ती नोंद आजही जगभर धरणांचे गणित तपासायला वापरतात.

इथून पुढे 'झोन' या शब्दाचा गुंता सुरू होतो.

१९६२ च्या पहिल्या भारतीय मानकाच्या नकाशात भूकंपाच्या धोक्याप्रमाणे शून्य ते सहा असे सात झोन, म्हणजे विभाग, होते. कोयना 'स्थिर' मानलेल्या दख्खनच्या पठारातले. भूकंपानंतर १९७० च्या आवृत्तीत शून्य झोन काढला, कारण धोका अजिबात नाही असा प्रदेश दाखवणे शास्त्राला धरून नव्हते. पाच झोन उरले आणि कोयना थेट झोन ४ मध्ये गेले. मराठवाड्यातला किल्लारीचा परिसर झोन १ मध्ये होता. १९८४ च्या आवृत्तीत झोन १ चा मूळ भूकंप गुणांक होता ०.०१, म्हणजे इमारतीच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास आडवा जोर. वाऱ्याचा जोर बहुधा त्याहून जास्त भरतो. त्यामुळे किल्लारीच्या परिसरात भूकंपासाठी वेगळे काही करावे, असे कोणत्याही अभियंत्याला या आकड्यावरून वाटले नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ वाजता किल्लारीच्या भूकंपात त्याच झोनमध्ये सुमारे आठ हजार माणसे गेली.

त्यानंतर झोन कोणता द्यायचा? नकाशाचा मूळ आधार होता तीव्रता : झोन ३ म्हणजे सात, झोन ४ म्हणजे आठ. (इथे मराठी वृत्तपत्रे घोटाळा करतात. 'रिश्टर स्केलवर ६.२ तीव्रता' असे छापून येते, पण ६.२ ही महत्ता, एका भूकंपाला एकच. तीव्रता म्हणजे त्या-त्या गावात प्रत्यक्ष काय घडले त्याची पायरी. ती गावागणिक बदलते.) किल्लारीत तीव्रता किमान आठ होती. त्या हिशेबाने झोन ४ हवा होता. २००२ च्या आवृत्तीत किल्लारीला मिळाला झोन ३. कारण संभाव्यतेचे दिले : अशी घटना त्या ठिकाणी अतिशय दुर्मीळ, म्हणून सगळ्या परिसराच्या बांधकामावर तिचा खर्च लादू नये. कोयनेत धक्के सुरूच राहिले, किल्लारीत तसे झाले नाही, हा फरक खरा आहे. त्याच आवृत्तीत झोन १ झोन २ मध्ये मिसळला. चार झोन उरले आणि त्यांचे गुणांक ०.१०, ०.१६, ०.२४, ०.३६ असे ठरले. पण यामुळे नकाशाचा अर्थच बदलला. 'इथे काय घडले' हे सांगणारा कागद अर्धा 'इथे काय घडू शकेल' सांगू लागला आणि दोन्ही अर्थ एकाच रंगात छापले गेले. काँक्रीटच्या, गणित करून बांधलेल्या इमारतींपुरता हा निर्णय पटतो. दगडमातीच्या घराला तो लावणे चूक आहे. ते घर झोनच्या आकड्याने पडत नाही, बांधणीने पडते.

मराठवाड्यातली भिंत दुपदरी असते : बाहेर एक दगडी तोंड, आत एक, मधे चुरा आणि माती. दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड नसतो. हलले की पदर सुटतात, एक आत, एक बाहेर कोसळतो. वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत. पावसात गळू नये म्हणून दर काही वर्षांनी पांढऱ्या मातीचा नवा थर पडतो. थर ५० सेंटिमीटर झाला की चौरस मीटरला सुमारे ८०० किलो, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीवर नऊ टनांच्या आसपास. जिथे छत लाकडी खांबांवर उभे होते, तिथे बरेचदा खांब टिकले आणि भिंतींनी माणसे गाडली.

१९९३ च्याच मानकांनी अशा नव्या घरांसाठी भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, दर ६० सेंटिमीटर उंचीला आरपार दगड, दोन दगडांत आडवे अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नको, असे सांगितले. उभ्या घरांच्या दुरुस्तीची पद्धतही ठरली. आधी माळवदाची माती २० सेंटिमीटरवर आणायची. खांब-तुळईच्या कोनात तिरपे टेकू द्यायचे. मग साधारण मीटरभर अंतरावर भिंतीतला दगड हळू हलवून काढायचा, ७५ मिलिमीटरचे आरपार भोक करायचे, दोन्ही टोकांना आकडा असलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवायची, १:२:४ काँक्रीट भरायचे आणि दहा दिवस पाणी मारायचे. काम बिघडते ते पहारीमुळे. गवंडी जोर लावतो, आतला चुरा घसरतो आणि धडधाकट भिंतीला पोट सुटते. दुसरी चूक म्हणजे सळई भिंतीच्या तोंडाशी उघडी राहणे. तिला गंज चढतो. किल्लारी परिसरातली ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. जी हलली नाहीत, त्या गावांत ही दुरुस्तीच खरा उपाय होता.

२००१ च्या भुज भूकंपाने लक्ष शहरांकडे वळवले. खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर विटांनी भरलेले मजले, अशा इमारती अहमदाबादेत खालच्या मजल्यावर बसल्या. २००२ च्या मानकाने त्या मजल्याचे खांब-तुळया अडीचपट जोरासाठी बांधायला सांगितले. खांबातल्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांचे टोक ९० अंशांत न मोडता १३५ अंशांत आत वळवावे, हे १९९३ पासून लेखी आहे. पुण्या-मुंबईत कामावर गेल्यावर सर्वांत आधी तेच टोक पाहावे. सळ्यांची बांधणी सुरू असतानाच ते दिसते, काँक्रीट पडले की नाही.

२००१ मध्येच रुरकीच्या विद्यापीठाचे रूपांतर भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी) झाले. केंद्र आज तिथला विभाग आहे. वाघिणीवरच्या चाचण्यांतून निघालेला लिंटेलचा पट्टा आजही मानकात आहे : किमान ७५ मिलिमीटर जाडी, दोन सळ्या, ६ मिलिमीटरच्या रिंगा १५० मिलिमीटरवर. तो चारही भिंतींवरून कुठेही न तुटता फिरायला हवा.