चोचीला इजा झालेल्या पाळीव पक्ष्याची शुश्रूषा

पाळीव पक्ष्याची चोच तुटली की घरातील माणसांचे लक्ष साहजिकच तुटलेल्या भागाकडे जाते. तो चिकटवता येईल का, पुन्हा वाढेल का, हेच प्रश्न आधी विचारले जातात. मात्र पहिल्या काही दिवसांत पक्ष्याच्या जिवाला खरा धोका असतो तो रक्तस्राव, थंडी आणि उपासमार यांचा, आणि हे तिन्ही आवरणे बऱ्याच अंशी घरच्यांच्या हाती असते. पुण्यातील सदनिकांमध्ये बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड असे लहान पक्षी मोठ्या हौसेने पाळले जातात. छताचा फिरता पंखा, खिडकीची बंद काच, पिंजऱ्याची वाकलेली तार किंवा सोबतच्या पक्ष्याशी झालेली झटापट यांपैकी काहीही त्यांची चोच दुखावण्यास पुरेसे होते.

चोच बाहेरून निर्जीव वाटते, पण तशी ती नसते. वरचे टणक आवरण केराटिन या प्रथिनाचे असते, त्याखाली रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला त्वचेचा पातळ थर असतो आणि गाभ्यात हाड असते. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श जाणणाऱ्या सूक्ष्म संवेदकांची दाटी असते, त्यामुळे तेथील जखम अतिशय वेदनादायक ठरते. केराटिनचे आवरण आपल्या नखाप्रमाणे आयुष्यभर वाढत आणि झिजत राहते. म्हणूनच टोकाचा नुसता टवका उडाला असेल किंवा आवरणाला बारीक चीर गेली असेल, तर ती काही आठवड्यांत वा महिन्यांत वाढीबरोबर पुढे सरकून झिजून जाते. मोठ्या पोपटांत वरच्या चोचीचे आवरण पूर्णपणे नवे होण्यास साधारणतः सहा महिने लागतात. परंतु आतील हाडाचा तुकडाच निघून गेला असेल, तर तो पुन्हा येत नाही, आणि चोचीच्या मुळाशी असलेला वाढीचा थर चिरडला गेला असेल, तर नवी वाढ वेडीवाकडी होते. इजा यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे बरेचदा क्ष-किरण तपासणीनंतरच कळते.

रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजची घडी काही मिनिटे हलक्या हाताने दाबून धरावी. पक्ष्याच्या शरीरातील रक्त त्याच्या वजनाच्या सुमारे १० टक्के असते, म्हणजे ३५ ग्रॅमच्या बजरीगरच्या अंगात जेमतेम साडेतीन मिलिलिटर; चहाचा एक चमचासुद्धा त्याने भरणार नाही. आपल्याला किरकोळ वाटणारे थेंब त्याच्यासाठी किरकोळ नसतात. केवळ आवरणाच्या टोकातून रक्त येत असल्यास चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरता येते, पण खोल जखमेत किंवा नाकपुड्यांजवळ कोणतीही पूड घालू नये. आपल्याकडे हळद लावण्याकडे हात सहज वळतो. तो येथे आवरायला हवा, कारण पूड श्वासातून आत जाते. तेलकट मलमेही टाळावीत, कारण ती पिसांना लागली की पिसांची ऊब धरून ठेवण्याची क्षमता नष्ट होते. पक्षी हातात धरताना त्याच्या छातीवर दाब येणार नाही, याकडे विशेष लक्ष द्यावे. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्यांना श्वास घेता येतो, आणि प्रेमाने पण घट्ट धरलेला पक्षी काही क्षणांत गुदमरू शकतो.

धक्का बसलेल्या पक्ष्याच्या शरीरातील उष्णता झपाट्याने कमी होते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा कित्येकदा १० अंशांच्या आसपास येतो, त्यामुळे बाल्कनीतला पिंजरा घरात आणून त्याच्या तीन बाजू कापडाने झाकाव्यात आणि बाहेरून टेकवलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने आतील तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस राखावे. पक्षी पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला, तर ऊब जास्त झाली असे समजावे.

सर्वाधिक दक्षता लागते ती खाण्याच्या बाबतीत. लहान पक्ष्यांचा चयापचय इतका वेगवान असतो की एक दिवसाचा उपासही त्यांना घातक ठरू शकतो, आणि दुखावलेला पक्षी खातो आहे असा भास होणे फार सोपे असते. तो दाणा उचलतो, चोचीत फिरवतो आणि सोलता न आल्याने टाकून देतो. वाटीभोवती पडलेला पसारा पाहून घरच्यांना वाटते की त्याने पोटभर खाल्ले. म्हणून वाटीवर विश्वास न ठेवता एक ग्रॅमपर्यंत अचूक मोजणाऱ्या स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज सकाळी एकाच वेळी पक्ष्याचे वजन करावे आणि ते लिहून ठेवावे. वजन १० टक्क्यांनी घटले, म्हणजे बजरीगरच्या बाबतीत तीन-साडेतीन ग्रॅम कमी झाले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. विष्ठा कमी आणि गडद हिरवी होणे हीसुद्धा पोट रिकामे असल्याची खूण आहे. सोललेले राळे, भिजवून मऊ केलेल्या पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या), मीठ-मसाला न घातलेली शिजलेली मूगडाळ, मऊ भात, कुस्करलेले उकडलेले अंडे, वाफवलेला लाल भोपळा किंवा गाजर हे पदार्थ उथळ वाटीत थोडे थोडे, दिवसातून अनेकदा द्यावेत आणि दोन-तीन तासांत बदलावेत, कारण ओलसर अन्न लवकर आंबते. तोंडात ड्रॉपरने जबरदस्तीने काहीही घालू नये. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, त्यामुळे चुकीच्या जागी पडलेला थेंब थेट फुप्फुसाकडे जातो. पक्षी स्वतः खातच नसेल, तर पशुवैद्य नळीने अन्नपिशवीत पातळ खाद्य सोडतात.

पिंजऱ्याची मांडणीही बदलावी लागते. गुलाबी चेहऱ्याच्या लव्हबर्डवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की उभ्या पृष्ठभागावर चढताना हे पक्षी चोचीचा उपयोग खरोखरच तिसऱ्या पायासारखा करतात आणि तिच्या बळावर शरीर वर ढकलतात. साहजिकच जखमी पक्षी तारा धरून चढू लागला की शरीराचा भार नेमका दुखऱ्या भागावर येतो. बसायच्या काठ्या तळापासून अगदी जवळ बसवाव्यात, अन्न-पाणी काठीच्या शेजारीच ठेवावे, आरसा, घंटा आणि चोच घासण्यासाठी टांगलेला समुद्रफेस (कटलबोन) काही काळ काढून ठेवावेत. जोडीदाराला वेगळ्या पिंजऱ्यात, पण आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर ठेवलेले बरे.

घरातील झटपट चिकटणारा गोंद वापरण्याचा मोह अनेकांना होतो. चिरेच्या आत अडकलेले जंतू अशा वेळी तेथेच कोंडले जातात, आणि गोंद जिभेला किंवा नाकपुडीला लागल्यास अनर्थ होतो. पशुवैद्य भूल देऊन, जखम स्वच्छ करून, दातांसाठी वापरले जाणारे अॅक्रिलिक किंवा बारीक तार यांच्या साहाय्याने चोच सांधतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर कधीही देऊ नयेत. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन भारतीय उपखंडातील गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि २००६ मध्ये भारतात गुरांसाठी या औषधावर बंदी घालावी लागली. पक्ष्याला वेदनाशामक लागतेच, पण त्याची निवड आणि मात्रा पशुवैद्यांनीच ठरवायची असते. पुण्यात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ असले तरी प्रत्येक ठिकाणी पक्षी तपासले जातातच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मनाई आहे. मांज्याने जखमी झालेला असा पोपट सापडल्यास तो घरी न ठेवता वन विभागाला कळवावे.

चोचीचा मोठा भाग कायमचा गेला, तरी पक्ष्याचे आयुष्य संपले असे मानण्याचे कारण नाही. न्यूझीलंडमधील ब्रूस नावाच्या किया पोपटाला वरची चोच जवळजवळ नाहीच. तो जीभ आणि खालची चोच यांच्यामध्ये छोटा खडा धरून पिसे साफ करतो, हे २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी निरीक्षणांसह मांडले. घरातील पक्षीही काही आठवड्यांत नवी रीत शोधून काढतात. मात्र वरच्या चोचीशी घर्षण होत नसल्याने खालची चोच झिजत नाही आणि बेसुमार वाढत जाते. ती ठरावीक काळाने पशुवैद्यांकडून घासून घ्यावी लागते. घरी नेलकटर लावल्यास आवरणाला पुन्हा चीर जाण्याचा आणि आतील रक्तवाहिनी तुटण्याचा धोका असतो.