लोकेशन साउंडचं घरगुती सामान

लोकेशन साउंड म्हणजे स्टुडिओबाहेर, आवाज जिथं होतोय तिथंच जाऊन तो पकडणं. मग ते शूटिंगमधले संवाद असोत, देवळातलं भजन असो, बिरोबाच्या जत्रेतली धनगरी ओवी असो नाहीतर पहिल्या पावसातले बेडूक. त्यासाठी लागणारा माइक, वारा अडवणारं कव्हर, बूमची काठी (माइक बोलणाऱ्याच्या डोक्यावर लांबनं धरायची), केबल, बॅटरीचा डबा यातलं जे जमेल ते स्वतः बनवणं किंवा विकतच्या वस्तूत आपल्या कामापुरता बदल करणं याला घरगुती सामान म्हणायचं. पैसे वाचतात हे खरंच, पण जास्त महत्त्वाचं म्हणजे आपण ज्या हवेत, ज्या गोंगाटात काम करतो त्या मापाचं सामान मिळतं, आणि बंद पडलं की कुठं उघडायचं ते आपल्याला ठाऊक असतं. सातारला रात्री नऊला एखादी केबल गेली तर पुण्याच्या बुधवार पेठेतलं किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं दुकान काय कामाचं?

सातारा जिल्हा या कामाला फार चांगला आणि फार अवघड. कासचं पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर, तिथं फुलांच्या दिवसात वारा आणि भुरभुर पाऊस एकत्र असतो. चाळकेवाडीच्या पठारावर तर पवनचक्क्याच उभ्या केल्यात, त्यामुळं वाऱ्याचं वेगळं सांगायला नको. वाई-मेणवलीच्या घाटांवर शूटिंगं चालतात, कोयनेकडं मुसळधार पाऊस, आणि तिकडं माण-खटावला कोरडी धूळ. एकाच जिल्ह्यात एवढं सगळं असल्यावर एका ठिकाणी उत्तम चाललेलं किट दुसऱ्या ठिकाणी हमखास रडवतं.

माइकची कॅप्सूल

घरी माइक करायचा म्हणजे कॅप्सूल, म्हणजे माइकचा प्रत्यक्ष ऐकणारा बारीक गोल डबीसारखा भाग, विकत घ्यायची आणि बाकीचं आपण करायचं. या कॅप्सूल इलेक्ट्रेट जातीच्या असतात. इलेक्ट्रेट माइक १९६२ साली बेल लॅब्समध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी शोधला. साध्या कंडेन्सर माइकला पडद्यावर चार्ज ठेवायला बाहेरून व्होल्टेज द्यावं लागतं, इलेक्ट्रेटमध्ये तो चार्ज प्लास्टिकच्या फिल्ममध्ये कायमचा बसवलेला असतो, त्यामुळं आतल्या छोट्या एफईटीला (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) चालायला दोन-तीन व्होल्ट मिळाले तरी काम भागतं.

आधी सगळे पॅनासोनिकची डब्ल्यूएम-६१ए वापरायचे. ती बनायची बंद झाली आणि आता त्या नावानं नकली माल फिरतो, तेव्हा जपून. तिचा स्वतःचा खरखराट साधारण ३२ डीबीए (आवाजाचं माप, आकडा कमी तेवढा माइक शांत). हल्ली लोक प्रायमोची ईएम-२७२ किंवा पीयूआयची एओएम-५०२४ घेतात, त्यांचा खरखराट १४ डीबीएच्या आसपास. म्हणजे १८ डीबीचा फरक, आणि तो कळायला तज्ज्ञ कान लागत नाही. भर चौकात दोन्ही सारख्याच वाटतील, पण रात्री ठोसेघरच्या पुढं जंगलात लांबनं येणारं घुबड ऐकायचं असेल तर जुन्या कॅप्सूलमध्ये फक्त हिस्स असा आवाज येतो आणि घुबड त्यात बुडून जातं.

डाग मारताना, म्हणजे कॅप्सूलला वायर कथिलानं जोडताना, घाई करायची, म्हणजे खरोखर घाई, दोन सेकंदात टोक उचलायचं, कारण जास्त उष्णता लागली तर फिल्ममधला चार्ज जातो आणि माइक कायमचा मंद होतो. ६३-३७ चं कथील १८३ अंशांना एकदम वितळतं म्हणून ते बरं पडतं. कॅप्सूलच्या मागं दोन ठिपके असतात, त्यातला जो बाहेरच्या डबीला जोडलेला दिसतो तो ग्राउंड. माझ्या पहिल्या चार कॅप्सूल मी जाळल्या. पाचवीला कडेला मगरी चिमटा लावून उष्णता त्यात जाऊ दिली, ती अजून चालू आहे.

या कॅप्सूल सगळीकडचं सारखं ऐकतात, दिशा धरत नाहीत. गावाचं, जंगलाचं वातावरण घ्यायला तेच हवं, पण संवादाला बूमवर शॉटगन माइक, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारा लांब माइक, लागतो आणि तो घरी बनवायच्या भानगडीत पडू नये. त्याच्या लांब नळीच्या फटींचं गणित घरच्या हत्यारांनी जमत नाही, तो विकतच घ्यावा.

करंट कुठून द्यायचा

इथं दोन पद्धती आणि त्यांचा घोळ फार होतो. छोट्या रेकॉर्डरच्या ईपी पिनच्या (हेडफोनला असते तसली) भोकातनं माइकला दोन-तीन व्होल्ट येतात, त्याला प्लग-इन पॉवर म्हणतात, कॅप्सूल थेट जोडली की चालते. मोठ्या रेकॉर्डरच्या कॅननला (तीन पिनांचा एक्सएलआर जोड) मात्र ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे सिग्नलच्याच तारांवरून माइकला जाणारा करंट, असतो. कॅननची १ नंबर पिन ग्राउंड, २ आणि ३ वर सिग्नल, आणि याच दोन्ही पिनांवर प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ४८ व्होल्ट येतात. बहुतेक कॅप्सूल १० व्होल्टच्या वर टिकत नाहीत, त्यामुळं मधे रेझिस्टर, झेनर डायोड आणि कपॅसिटर लावून व्होल्टेज खाली आणायचं. एवढं सगळं कॅननच्या पिनच्याच पोटात मावतं, पण पहिल्यांदा करणाऱ्यानं वेगळ्या डबीत करावं, डोळे आणि डोकं दोन्ही शाबूत राहतं.

कपॅसिटर किती मोठा घ्यायचा यावर पण बरंच अवलंबून असतं. इनपुट २.२ किलोओहमचा असेल आणि १ मायक्रोफॅरडचा लावला तर साधारण ७२ हर्ट्झच्या खालचं कमी व्हायला लागतं, १० चा लावला तर ७ हर्ट्झपर्यंत सगळं आत येतं. वाऱ्याची धडधड त्याच खालच्या भागात असते, म्हणून मी डोंगरासाठी १ वाली आणि ढोलासाठी १० वाली अशा दोन केबली ठेवल्यात.

ढोलाचं निघालं म्हणून. सांगलीकडं कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाच्या बनात गजीनृत्याचे ढोल वाजतात तेव्हा दोन-तीन व्होल्टवर चालणाऱ्या कॅप्सूलचा आवाज फाटतो, आणि तो फाटला की रेकॉर्डरचं लेव्हल कमी करून काही होत नाही, कारण आवाज माइकच्या आतच फाटलेला असतो. पहिला उपाय म्हणजे ९ व्होल्टची बॅटरी लावलेली वेगळी डबी, जास्त व्होल्टेजवर एफईटीला हातपाय पसरायला जागा मिळते. दुसरा उपाय जिगरीचा, ऑडिओ इंजिनिअर झिगफ्रिड लिंकवित्झ यांनी पॅनासोनिकच्या कॅप्सूलसाठी दाखवलेला. मागच्या प्लेटवर एफईटीचं सोर्स टोक डबीला जोडणारी तांब्याची बारीक रेघ ब्लेडनं कापायची आणि दोनच्या ऐवजी तीन वायरी काढायच्या. आवाज थोडा कमी येतो पण मोठा आवाज सहन होतो. ज्या कॅप्सूलवर ती रेघ उघडी दिसत नाही तिथं हे करू नये.

वारा

निम्मं काम इथंच आहे आणि नव्या लोकांचं सगळ्यात कमी लक्ष इथं असतं. वारा माइकवर आपटून जे भोवरे तयार होतात त्यांच्या दाबातले चढउतार माइक आवाज म्हणून ऐकतो. नुसता फोम पंख्याच्या वाऱ्याला पुरतो, कासवर नाही. उपाय असा की माइकच्या भोवती स्थिर हवेची मोठी पोकळी ठेवायची आणि बाहेरून वारा हळूहळू मंद करत आणायचा. पोकळी जेवढी मोठी तेवढं चांगलं. रायकोट ही कंपनी १९६९ पासून याच कामाला आहे आणि त्यांचं सामान उत्तमच असतं, पण तत्त्व घरी राबवता येतं.

प्लास्टिकच्या जाळीचा लांबट पिंजरा करायचा, दोन्ही टोकं गोल, कुठंही कोपरा नको कारण कोपऱ्यावर परत भोवरे होतात. त्यावर पातळ कापड ताणायचं. त्यावर लांब केसांचं नकली फरचं कापड, खेळण्यांचं असतं तसलं. कापड दुकानातच तपासायचं, तोंडाला लावून फुंकर मारायची, फुंकर पलीकडं गेली नाही तर आवाजही जाणार नाही. दुकानदार बघत राहतो, बघू दे. फरच्या मागचा कपडा घट्ट विणीचा असेल तर कितीही मऊ असो, घ्यायचा नाही.

पिंजऱ्याच्या आत माइक रबरावर टांगायचा, म्हणजे काठीचे हादरे वर जात नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या किंवा केसांचे रबर दोन्ही चालतात, रबर फार ताणलं तर हादरा जातो आणि फार सैल असलं तर माइक पिंजऱ्याला आपटतो. काठीवर बोटानं टिचकी मारून हेडफोनमध्ये ऐकत ऐकत ते बसवायचं, दुसरा मार्ग नाही. काठी वेळूची चालते, सरळ आणि वाळलेली बघून घ्यायची, तासभर हात वर धरायचा म्हटलं तर मासे धरायच्या कार्बनच्या गळाची काठी हलकी पडते. केबल काठीला बाहेरनं गुंडाळून घट्ट बांधावी, काठीच्या आत सोडली की खडखडते.

पावसात फर भिजला की आवाजातल्या वरच्या पट्टीचा सगळा तजेला जातो. थेंब टपटप पडायचा आवाज घालवायला गादीवाल्याकडचा रबर लावलेल्या काथ्याचा तुकडा पिंजऱ्यावर हातभर उंचीला छपरासारखा धरायचा, थेंब त्यात फुटून मुरतात आणि आवाज होत नाही. सिनेमावाले छपराचा पाऊस मारायला रबर लावलेल्या केसांची जाडी चटई अंथरतात, ही त्याचीच गावठी बहीण. दमट हवेत कॅप्सूल कडकड करायला लागतात, म्हणून घरी आल्यावर सगळं सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर स्टीलच्या घट्ट डब्यात. सेनहायझरच्या एमकेएच मालिकेचे माइक रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या तत्त्वावर चालतात, त्यांना दमटपणा फारसा बाधत नाही, कोयनेच्या पावसात ते का टिकतात ते त्यामुळं.

केबल आणि बॅटरी

चार तारांची पिळलेली स्टार-क्वाड केबल घेतली तर विजेच्या तारांखालची ५० हर्ट्झची घरघर बरीच कमी होते, आपल्याकडं शेतात मोटारीच्या स्टार्टरजवळ उभं राहिलं की हे कळतं. मोबाइलची टडटड येत असेल तर कॅप्सूलच्या दोन टोकांत १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर अगदी जवळ लावायचा. आणि फोन विमान मोडवर.

बॅटरीसाठी १८६५० चे लिथियम सेल वापरतात. एक सेल नाममात्र ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. संरक्षणाचं सर्किट नसलेला सेल वापरूच नये, यात बचत करायची नाही. पॉवर बँकेचा घोळ असा की रेकॉर्डर फार कमी करंट ओढतो, बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती मधेच बंद होते, भजन रंगात आलेलं असताना. शिवाय तिच्या आतलं कन्व्हर्टर बारीक शीळ घालतं.

रेकॉर्डर आणि प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) मात्र घरी बनवू नये असं माझं ठाम मत आहे. खरखराट किती खाली नेता येतो याला १५० ओहमच्या सोर्सला निसर्गाचीच मर्यादा साधारण -१३१ डीबीयू आहे आणि आता विकतचे छोटे रेकॉर्डर -१२७ पर्यंत जातात, मग उरलेल्या चार डीबीसाठी वर्ष घालवायचं कशाला? ३२ बिट फ्लोटवाल्या रेकॉर्डरनं (फार बारीक आणि फार मोठा आवाज दोन्ही एकदम साठवणारा) लेव्हलची चिंताही घालवली, फक्त लक्षात ठेवायचं की माइकमध्येच आवाज फाटला तर फ्लोट काही करू शकत नाही.

मिरजेची वाट

पिझोची (हादरा बसला की वीज देणारी) २७ मिलिमीटरची चकती, बझरमध्ये असते ती, वस्तूला चिकटवली की वस्तूचाच आवाज पकडते. मिरजेत शिकलगार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सतार-तानपुरे करतात, आधी हत्यारं करायची, मग वाद्यांकडं वळली, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याच्या तबलीवर घोडीजवळ चकती लावली तर जवारीचा आवाज हवेतनं येतो त्यापेक्षा अगदी निराळा, आतनं येतो. पण चकती साध्या लाइन इनपुटला जोडली तर पत्र्यासारखी वाजते. कारण चकतीची धारिता साधारण २० नॅनोफॅरड, इनपुट १० किलोओहमचा असला तर ८०० हर्ट्झच्या खालचं गळून जातं आणि तानपुऱ्याचा षड्ज तिथंच असतो. मधे एका एफईटीचं बफर, म्हणजे चकतीवर भार न टाकणारं छोटं सर्किट, बसवून इनपुट १ मेगओहमचा केला की ८ हर्ट्झपर्यंत सगळं येतं. पॉलिशवर टेप लावायच्या आधी वाद्य ज्याचं त्याला विचारायचं.

हीच चकती अराल्डाइटमध्ये पूर्ण बुडवली की पाण्यातला माइक होतो. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेच्या पाण्यात तो सोडला तर वाळू सरकल्याची बारीक चरचर येते. वायरीचं तोंड नीट बंद नसेल तर एका दिवसात गंजतो.

दोन माइकची जोडी तयार झाली की बाहेर जायच्या आधी एक तपासणी. दोन्ही माइक एकत्र हातात धरून बोलायचं आणि दोन्ही चॅनल मोनोत, म्हणजे एकाच चॅनलमध्ये, मिसळून ऐकायचं. आवाज पोकळ झाला किंवा नाहीसाच झाला तर एका केबलच्या २ आणि ३ नंबरच्या पिना उलट्या लागल्यात, त्या परत उघडून सरळ करायच्या आणि केबलवर रंगीत टेप लावून ठेवायची.